उत्तेजनार्थ

घंटा माझ्याकडे होती.
सहाव्या मिनिटाला एकदा, सातव्याला दोनदा.
एरवी मी याच वैद्यकीय विद्यापीठात काचनळ्या धुते,
उलानबातरच्या पाण्याने हात फुटले आहेत माझे,
पण संशोधनदिनी घंटा मलाच देतात;
हिला कुणाचंच काही कळत नाही,
म्हणजे ही कुणाला झुकतं माप देणार नाही, असा हिशोब.

सकाळपासून एकोणीस जण झाले.
यकृतं, उंदीर, झोप उडालेल्या परिचारिका.
एकाचा लाल ठिपका थरथरत छताला गेला
तो खाली आलाच नाही.
तुवशिनझाया मात्र सहा मिनिटं पन्नास सेकंदांत
आभार मानून, पाण्याचा घोट घेऊन मोकळा.
गुणी पोर. आपल्या नळ्या आपण विसळून ठेवतो.

मग नोमुंदारी.
उसना कोट, बाह्या आत दुमडून टाचलेल्या.
विषय: चुलीतला कोळसा आणि शाळकरी मुलांचा श्वास.
वस्ती: उत्तरेकडचा डोंगरउतार,
म्हणजे आमचीच.
हिवाळाभर फिरली ती तिथे, उणे तिसात,
फुंकायची नळी काखेत धरून,
पोरांच्या ओठांना गार लागू नये म्हणून.
सोबत मी. प्रत्येक कुंपणाशी
"कुत्रा धरा हो!" ओरडायचं काम माझं.

पडद्यावर आलेख चढले, उतरले.
शरद ऋतूत मुलं एकशे चौऱ्याऐंशी.
वसंतात एकशे त्र्याहत्तर.
खाली बारीक अक्षरांत:
पाठपुरावा तुटला, अकरा.

मी एक घंटा दिली.
तेवढ्यात पुढच्या रांगेतले परीक्षक, चष्मा कपाळावर,
म्हणाले, मध्येच विचारतो, हे अकरा कुठे गेले?
ती म्हणाली, "घर सापडलं नाही."
पत्ता नीट लिहून घेत जा, ते म्हणाले. दोघे-तिघे हसले.
"पत्ता होता, सर. जागाही सापडली.
बर्फात एक गोल होता.
आतली माती कोरडी, मधोमध चुलीची राख.
गेर उचलून ते निघून गेले होते."
मग ती गप्प झाली.

सात मिनिटं झाली.
माझं बोट घंटेवर होतं.
तो गोल मी पाहिला होता.
ती त्याच्या कडेकडेने चालत गेली होती,
आत पाय न टाकता,
जिथे दार असायला हवं तिथे थांबून
तिने सवयीने हातमोजा काढला होता, दार लोटायला.

चाळीस सेकंद मी घंटा दिली नाही.
कुणाच्या तरी मनगटावर घड्याळ असतंच.

वेळेचे तीन गुण कापले.
पहिलं तुवशिनझायाला, टाळ्या मीही वाजवल्या.
दुसरं, तिसरं, मग पुकारलं: उत्तेजनार्थ.
तिच्या नावात एक अक्षर चुकलेलं,
सोबत झाकणाचा थर्मास.
मी म्हटलं, घंटा उशिरा दिली, माझ्यामुळे गेलं तुझं.
ती म्हणाली, "कुठली घंटा?"
खरंच ऐकली नव्हती, की मला वाचवत होती,
अजून ठरवता आलेलं नाही.

पोस्टर कुणी नेत नाही घरी.
जाड फ्लेक्स, वारा अडवतो.
मी मागितलं, तिने गुंडाळून दिलं.
आता ते माझ्या गेरच्या वायव्येला आहे,
नमद्याच्या आतून, अक्षरं आमच्याकडे.
नातू चुलीशी बसून आकडे वाचतो.
एकशे चौऱ्याऐंशीत तो आहे, एकशे त्र्याहत्तरातही.
खोकला आला की थांबतो, पुन्हा पहिल्यापासून.

काल त्याने वजाबाकी केली बोटांवर.
एक बोट कमी पडलं,
म्हणून माझं घेतलं.