बारकी मासली

पदीबाईंना वास येईनासा झाला, त्याला तीन वर्षं झाली होती.
आधी भात करपला, मग गॅस राहिला सुरू,
मग एका गिऱ्हाइकानं दिवाळ्याच्या बाजारात
सुकटीचा वाटा परत आणून टाकला पुढ्यात.
"मना वास येत नाय," एवढंच म्हणाल्या ओपीडीत,
चोरी कबूल केल्यासारखं.

एमआरआयवर नाकाच्या मुळाशी
मोसंबीएवढी गाठ,
गोल, शांत, कसलीच घाई नसलेली.

खारघरचे सेक्टर पट्टीनं आखलेत.
कवटीचा तळ तसा नाही.
तो दिवाळे गावातल्या बोळासारखा,
हातभर वाटेनं पाणी, वीज, केबल,
वरात त्यातूनच, तिरडीही.
तिथं एक घर पाडायचं म्हणजे
शेजारच्या भिंतीला विचारून.

नऊ तास विचारत होते.
भूल देणाऱ्या अन्सारी मॅडम मधूनच आकडे सांगायच्या.
गाठ आधी आतून पोखरली,
मग तिचं आवरण सोडवलं मेंदूपासून
ओला कापूस सरकवत, मिलिमीटर, मिलिमीटर.
दृष्टीची नस चपटी झाली होती, पण होती.
वासाचे तंतू नव्हते.
जिथं असायला हवेत तिथं चाळणीसारखं हाड,
आणि चाळणीतून यायला काही उरलेलं नाही.

शेवटी धमनीला चिकटलेला
तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा.
माझा हात दोनदा गेला.
दोनदा मागे आणला.
"राहू दे," म्हटलं मी मोठ्यानं.
सिस्टरला वाटलं, दिव्याबद्दल बोलतेय.

काढलेल्यातलं चिमूटभर
वरच्या मजल्यावर गेलं, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये.
नळीवर नाव लिहायचं नसतं.
चारशे सतरा.
माझा प्रश्न साधाच आहे:
सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींतली
एक परत का उगवते, दुसरी का नाही.
अकरा वर्षं विचारतेय.
चारशे सोळा जणांनी उत्तर दिलं,
प्रत्येकानं थोडं वेगळं.

चौथ्या महिन्यात आल्या पदीबाई,
खुरट्या केसांवर पदर, पिशवीत सुके बोंबील.
अख्ख्या ओपीडीला कळलं, त्यांना सोडून.
"वास नाय आला माघारी.
पन आता मोडून बगते. सुकला आसल तं कटकन बोलतं."
आणि एक बोंबील माझ्या कानाशी धरून मोडला.

मग मी दाण्याबद्दल सांगितलं.
दर वर्षी तपासणी, चुकवायची नाही.
त्या जरा वेळ टेबलाकडे बघत राहिल्या, मग हसल्या.
"म्हंजे बारकी मासली सोडलीव तुमी.
आमी पन सोडतो. वाढाला."

मीही हसले,
आणि मग दोघी एकदमच थांबलो.

रात्री चारशे पस्तीसच्या नळीवर लेबल लावून
ग्लोव्ह्ज काढले.
बोटांना अजून बोंबलाचा वास होता.
हात धुवायचे राहिले तसेच.