मधला स्पीकर

खोक्यावर पाच स्पीकरचं चित्र होतं,
खोक्यातून दोन निघाले.
लोमेश म्हणाला, वरंगलच्या बाजारात
तेवढ्या पैशात तेवढंच भेटते.
तारा त्यानंच जोडल्या. मागचं भोक दाखवलं,
आत लाल ठिपका:
पाह्य, याच्यातून आवाज उजेड होऊन जाते.
मग पुन्हा मिरची तोडायला गेला.

पौषात लाइन गेली, आली, गेली, आली,
आणि त्यानं लावून ठेवलेलं सगळं पुसलं.
चित्र यायचं. आवाज म्हणजे
भातगिरणीत कोंडा उडतो तसा, नुसता फर्र.
बिसनकाका उठले. म्हणाले,
याच्यापेक्षा मंडईतलं नाटक बरं,
पेटीवाला निदान समोर दिसते.

मी रिमोट घेतला.
सेटअप. ऑडिओ. डिजिटल आउटपुट.
तिथं तीन शब्द एकाखाली एक,
ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर बसल्यासारखे:
बंद, बिटस्ट्रीम, पीसीएम.
पिवळी पट्टी बिटस्ट्रीमवर.
म्हणजे आवाजाचं गाठोडं न सोडता पुढं द्यायचं,
घेणाऱ्यानं सोडावं.
आमचा घेणारा वडशाहून आणलेला जुना अॅम्प्लिफायर,
त्याला गाठ सुटेना,
तो बिचारा गाठोडंच वाजवत होता.

पीसीएम केलं.
टापा आल्या, दार आपटलं, बासरी आली,
मागचा बाजार आला, बाजारातली कुत्री आली.
माणसं मात्र नुसती तोंडं हलवत होती.
नायिका बापाला केवढं काही सांगत होती,
बाप रडला.
आम्हाला कारण कळलं नाही.

माय म्हणाली, हे त आपल्या टीकारामसारखं झालं,
तोंड हालते, बोलत नाई.
दादा जेवत होता. त्याचं तोंड हलत राहिलं.

माहितीपुस्तकाचं पान सत्तावीस, उंदरांनी सोडलेलं:
एक खोली, एक खुर्ची, भोवती पाच चौकोन.
बारावीच्या इंग्रजीवर मी एवढं काढलं की
बोलणं सगळं मधल्यातून येतं.
मधला आमच्याकडं नाही.
मशीनला हे कोणी सांगितलं नव्हतं.
ते मधल्याचा वाटा रोज वेगळा काढून ठेवत होतं,
घ्यायला कोणी येत नव्हतं.

स्पीकर सेटअप. सेंटर. ऑन, ऑफ.
मी अंगठा ठेवला.
माय सुपातले खडे वेचायची थांबली.
का म्हणते ते?
इचारते, घरात मधला हाय का नाई.
नाई म्हटलं का त्याचं बोलणं
अर्धं याच्यात टाकीन म्हणते, अर्धं त्याच्यात.

दादा ताटावरून उठला.
तीन हप्ते लोमेशचा फोन लागत नव्हता.
लागायचा तेव्हा एक बाई तेलुगूत काही सांगायची,
दर वेळी तेच, दर वेळी न चिडता.

नाई म्हनू नोको, माय म्हणाली.
दुसरं काई असन त पाह्य.

दुसरं होतं. खाली, सगळ्यात शेवटी:
डाउनमिक्स, स्टीरिओ.
मी म्हटलं, हे सगळ्यांना दोघांत बसवून घेते,
नाव कोणाचंच कापत नाई.
खरं असेल. खोटंही असेल.
पान अठ्ठावीस उंदरांनी ठेवलं नव्हतं.

अंगठा दाबला.
आणि नायिका बोलली.
डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही,
टीव्हीच्या वर जिथं फक्त
कॅलेंडरचा मोकळा खिळा आहे, तिथून.
माय पडदा सोडून खिळ्याकडं बघत राहिली.

मी डिस्क मागं घेतली, ते रडणं होतं तिथवर.
नायिका बापाला म्हणत होती,
तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल.
एवढंच. एवढ्यावर बाप रडला होता.

दादा हात धुऊन परत आला,
दाराशीच उकिडवा बसला.
म्हणाला, अजून एकदा मांगं घे.