यलो थंडर, हरिपूर

लिहून घे, पण पेन्सिलीनं.
अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात चौघं होते.
ड्रमला बाबगोंडा चौगुले,
गिटारला मिरजेच्या मिशन कंपाउंडातला एलिया रणभिसे,
बेसला सुकुमार मगदूम, कारण टेम्पो त्याचा होता,
आणि गळा दस्तगीर मुजावरचा.

तालीम हळदीच्या वखारीत.
पोत्यांवर पोती, मध्ये खाट मावेल एवढी मोकळी जागा.
पहिला ठोका पडला की झांजेवरून पिवळा धूर उठायचा
अन् दुसऱ्या ओळीत गायक शिंकायचा.
नाव त्यातूनच पडलं. कुणी ठेवलं,
यावरून दोन घरांत अजून बोलणं बंद आहे.

एको मशीन पुण्यात चार हजाराला होतं.
आमच्याकडं पेव होतं.
रिकामं, वीस-पंचवीस फूट खोल,
तोंड एवढंसं, पोट मोठं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर आज गाणं नाही.
जळत राहिला तर मग माइक.
दस्तगीर काठावर पालथा पडून खाली गायचा
आणि जमिनीच्या पोटातून त्याचाच आवाज
जरा म्हातारा होऊन वर यायचा.

उन्हाळ्यात एलियाच्या गिटारची मान वाकली.
सतारमेकर गल्लीत नेली. चाचांनी बोट फिरवलं.
"पडदे सरकत न्हाईत व्हय? मग सूर हलवायचा कसा?"
"तार ताणतो," एलिया म्हणाला.
"मग बरोबर हाय," म्हणाले,
आणि मान सरळ करून दिली, पैसे न घेता.
हे लाइनअपमध्ये बसत नाही. तरी लिही.

नव्वदला सुकुमारनं टेम्पो विकला,
म्हणजे सुकुमार गेला.
त्याच्या जागी त्याचा मेहुणा,
मेहुण्याच्या जागी कुणी नाही.
कीबोर्डला सुवर्णमाला बिरनाळे आली, सोबत आई.
आई पोत्यावर बसून वाती वळायची
आणि ठेका चुकला की तिचा हात थांबायचा.
आम्ही तिच्या हाताकडं बघून वाजवायला शिकलो.
आम्ही म्हणजे ते. मी तेव्हा नुसता वायरी गुंडाळायचो.
तिला कुठल्या रकान्यात घालशील?

ब्याण्णवला फूट.
नवरदेवाच्या मामानं वरातीचं गाणं मागितलं.
एलिया नाही म्हणेपर्यंत
बाबगोंडानं ठेका धरला होता.
पुढं दोन बँड. सांगलीत 'न्यू यलो थंडर',
मिरजेत 'ओरिजिनल यलो थंडर',
आणि दोन्ही ड्रमवर खाली बारीक अक्षरात
आमची कोठेही शाखा नाही.
माझा बेस 'न्यू'मधला.

दोन हजार पाचला कृष्णा वखारीत शिरली.
पेवं आतून ढासळली.
मस्कतहून दस्तगीरचा फोन आला.
घर विचारलं, म्हशी विचारल्या,
मग बराच वेळ काहीच विचारलं नाही.

ड्रम नवव्या दिवशी बाभळीत सापडला.
बाबगोंडा चिखल पुसायला गेला
तर रंगाचा पापुद्राच हातात आला.
'न्यू' गेलं. नुसतं 'यलो थंडर' राहिलं.
तेही सुटलं.
त्याखाली लाल अक्षरं होती,
बिरोबा बँड कंपनी, बेडग.

सुकुमारनं आमच्याकडून नव्याचे पैसे घेतले होते.

बेडगला जाऊन आलो मी.
पारावर एका म्हाताऱ्याला एवढंच आठवलं,
की मोठा ढोल वाजवणारा डावखुरा होता.
कड्याची डावी बाजूच का झिजलेली,
ते बाबगोंडाला सतरा वर्षांनी कळलं.
तो काही बोलला नाही. काठी डाव्या हातात घेऊन बघितली,
जमली नाही, ठेवून दिली.

तर सगळ्यात वर ते लिही.
ढोल : डावखुरा, बेडग. नाव नाही.
मग ते चौघं. मग सुवर्णमाला,
तिच्याशेजारी वाती.
माझं शेवटी, जागा उरली तर,
आणि कंसात सात महिने.
एलिया म्हणतो सहा.