अस्तर

लार्गोवरच्या घरांना पांढरा रंग द्यायचा नाही
असा कामराचा हुकूम होता, आमच्या घरात सांगतात.
पांढरी एकटी इगर्ज.
म्हणून कोणी नीळ घेतली, कोणी काव,
सात नंबरच्या दोना एर्मेलिंदाने पिवळा,
अंड्याच्या बलकासारखा.

खालून दिल्लीचा मालक विचारतो,
‘शाबू, ओरिजिनल रंग सापडला का?’
मी परांचीवर, हातात खरवडायचा पत्रा.
शोधतोय, म्हणतो.

आधी होमस्टेचा गुलाबी. नखानेही निघतो.
मग बँकेचा राखाडी,
मग दातांच्या डॉक्टरचा फिका हिरवा,
आणि त्याखाली, दारावर, डांबराचा पट्टा:
एकसष्टच्या डिसेंबरात कोणीतरी घाईघाईने
नोटरीचं नाव पुसलेलं.
बाकी पाट्या उन्हानं खाल्ल्या.
हे नाव डांबराखाली ताजं आहे. नोतारियु सिप्रियान.

निळ्या थरापाशी चौकट एका बाजूनं तासलेली.
पियानो खारेबांदापर्यंत होडीतून आला,
तिथून चार मुंडकारांच्या खांद्यावर,
आणि दारापेक्षा तीन बोटं मोठा निघाला.
त्या रात्री नऊ घरांच्या नऊ सज्जांत मेणबत्त्या होत्या
आणि पायांत लिस्बनचे बूट.
लाकडातली खोबण मी अंगठ्यानं चाचपली.
आमच्या दुलबाचं बोट चेपलं ते इथंच.
खोबण राहिली.

समोरून बघाल तर नऊही घरं एका उंचीची,
फेस्ताला उभं केल्यागत, गळ्यापर्यंत बटणं लावून.
मागं ज्याची त्याची लांबी:
बांव, लाकडांची खोप, डुकरांचा गोठा,
आणि एक बुटकं दार, आमच्यासाठी.
चार पिढ्या आम्ही घराचं तोंड रंगवलं
आणि आत गेलो पाठीकडून.

काव संपली. पिवळा आला.
खरंच बलकासारखा, म्हातारी खोटं बोलली नव्हती.
पत्रा थांबवायला हवा होता,
पण हात पुढं गेला.

पिवळ्याखाली चुना.
शिंपल्या भाजून घरी विझवलेला,
पांढराशुभ्र, इगर्जीपेक्षा कांकणभर जास्तच.
कोणीतरी आमच्यातल्यानं पहिला हात दिलेला.
अस्तराशिवाय रंग धरत नाही,
आणि हुकूम काढणारा भिंत खरवडून बघत नाही.

‘सापडला?’
हो, म्हणालो. पिवळा.
आणि त्या चार बोटं पांढऱ्यावर
ओला कुंचला फिरवला.