हातमोज्यातली वाळू

अल धैदच्या तबेल्यात पहाटे पाचला
मी लीद गोळा करते.
सहा मुठी, कोपरापर्यंतच्या प्लास्टिकच्या हातमोज्यात.
वर पाणी. कालवायचं, आणि खिळ्याला टांगायचं
बोटं खाली करून.
वीस मिनिटांत बोटांमध्ये वाळू उतरते.
करंगळीभर असेल तर चालतं.
चार बोटं भरली की त्या घोड्याच्या नावापुढे
लाल फुली.

उदगीरला शिकले तेव्हा पोटशूळ म्हणजे
जंत, ओला चारा, बदललेलं पाणी.
इथे जमीनच पोटात जाते.
बार्ली सांडते, घोडा ओठांनी दाणा दाणा वेचतो
आणि दाण्याबरोबर वाळवंट.

मार्चपासून बावीस पोटशूळ, तीन मृत्यू.
मालक म्हणतात, फार झाले.
मी विचारते, कितीपैकी?
हा प्रश्न कुणालाच आवडत नाही.
अंश सगळ्यांना पाठ असतो:
मेलेल्या घोडीचं नाव, तिच्या शर्यती, तिची किंमत.
छेदासाठी उन्हातून चालावं लागतं,
ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्या दारात
थांबावं लागतं.

मोजले. दोनशे चौदा.
सात ओळी. सहांत फुल्या.
चौथीत एकही नाही.

पाणी तेच, दाणा तोच, वाळू तीच तांबडी.
माझ्या तक्त्यातल्या एकोणीस रकान्यांत
फरक सापडेना.
मग एका संध्याकाळी, चारापाण्याच्या वेळी,
तक्ता मिटून नुसतीच बसले.
चौथ्या ओळीचा मोतद्दार, शाहदाद, तुर्बतचा,
दाणा ओतण्याआधी खाली काहीतरी अंथरत होता.
जवळ गेले. चादरी.
कंपनीने दिलेल्या, खोलीच्या नंबराचा शिक्का असलेल्या.
एक त्याची, बाकीच्या
सुटून गेलेल्या माणसांच्या.
"आणि तू कशावर झोपतोस?"
"मी कुठे जमिनीवरून खातो?" म्हणाला,
आणि खरारा घेऊन पुढच्या घोडीकडे वळला.

अहवालात मी लिहिलं: रबरी चटया, उंच गव्हाणी,
महिन्यातून आठवडाभर इसबगोल.
(गोणी आली तेव्हा तिच्यावर गुजराती अक्षरं होती,
मी उगाच ती मोठ्याने वाचली.)
'नियंत्रण गट' या शब्दाखाली
चौथ्या ओळीचे एकतीस घोडे बसले.
शाहदाद कुठे बसवावा कळलं नाही.
कारणांमध्ये माणूस लिहायची पद्धत नाही.

चटया मंजूर झाल्या, पुढच्या वर्षीच्या खर्चात.
त्याचा व्हिसा त्याआधी संपला.
चादरी धोब्याकडे गेल्या, मोजून.

ऑक्टोबरात चौथ्या ओळीतला पहिला हातमोजा जड झाला.
घैमा, करडी, नऊ वर्षांची.
खिळ्याला लोंबणारा हात,
पाचही बोटं टम्म, तांबडी.

फुली मारली.
मग पट्टी घेऊन विसावा रकाना आखला.
वर काय लिहावं?
बराच वेळ पेन धरून बसले.
सध्या लिहिलंय:
चादर.