नव्वीची जोडी

सोहारला, कॅम्पच्या चौदा नंबर खोलीत
व्हॉल्व्हच्या रिकाम्या खोक्यावर चादर चौपदरी घालून
गुरुवारी रात्री पत्ते पिसले जायचे.
पन्नास बैसांचा डाव. हरून हरून माणूस
दोन-चार कडक चहांइतका हरायचा.
तरी दाराच्या फटीला टॉवेल,
कारण कॅम्प बॉसला नाणं दिसलं की तो जुगारच.

मला नव्वीची जोडी आली, इस्पिक आणि किलवर.
खाली उघडली बदाम अठ्ठी, बदाम सत्ती, किलवरची दुर्री.
त्या घडीला मीच पुढे होतो
आणि मला ते कळत होतं
आणि माझ्याच्याने पन्नासच्या वर बोलवेना.

शिबू आला. रोमेल आला.
टेकबहादूर तर कुठल्याही पानावर येतो;
पन्नास बैसांसाठी पत्ते टाकणं त्याला
पाहुण्याने जेवायला नाही म्हणण्यासारखं वाटतं.
चौथं पान बदाम दश्शी. पाचवं काही का असेना.
त्याने बदामाची चव्वी आणि तिर्री इतक्या संकोचाने मांडली
जणू माझ्याच खिशातून पडलेली परत करतोय.

सरफराज हमदुले, दाभोळचा, क्रेनवरचा,
त्या डावात नव्हताच. कॉटवर पाय चोळत म्हणाला,
"नव्वीची जोडी म्हणजे बर्फाविना सुरमई.
सकाळी ताजी आहे ना? मग सकाळीच भाव सांग.
दुपारी तिला कुत्रं हुंगत नाही."
मी म्हटलं, तीनशे सांगितले असते तरी टेक आलाच असता.
"येऊ दे की! त्याला बदाम बघायचाय ना, बघू दे.
इतक्या स्वस्तात का दाखवतोस?
आणि इथे धाक दाखवायला जाऊ नको,
पन्नास बैसाला कोण घाबरतो?
हातात काही असेल तर महाग हो. नसेल तर झोप."

फेब्रुवारीत त्याने राजीनामा दिला.
क्रेन चालू होती, ओव्हरटाइम मिळत होता,
आम्ही त्याला वेड्यात काढलं.
हिशेब पैसा-पैसा घेतला, तिकीटसुद्धा,
इस्त्री मला दिली, कुकर शिबूला.
मे महिन्यात पगार पहिल्यांदा "पुढच्या आठवड्यात" गेला.
जूनमध्ये मेसच्या डाळीतून डाळ गेली.
माझी इथे अकरा वर्षं झाली,
दर महिन्याला पन्नास बैसा टाकून
पुढचं पान बघत.

परवा पुन्हा नव्वीची जोडी.
आता नाणी नाहीत, कपड्यांचे चिमटे;
एक चिमटा पन्नास, वहीत मांडायचे, पगार झाला की फेडायचे.
खाली सगळी माझ्याहून लहान पानं.
मी सहा चिमटे सरकवले.
शिबूने टाकले. रोमेलने टाकले, त्याच्या भाषेत शिवी देऊन.
टेकबहादूरने चिमटे मोजले,
परत मोजले,
आणि आला.
शेवटच्या पानाला त्याला हवी तीच पंजी.

रात्री सरफराजला आवाज पाठवला, डाव पानापानाने सांगून.
उत्तर सकाळी. मागे जेटीवरचा लिलाव,
बायकांचा कल्ला, कुणीतरी बर्फ फोडत होतं.
"सहा लावलेस ना? मग बरोबर खेळलास.
चुकला तो, हरलास तू. असाच हरत जा."
मग लिलाव थोडा लांब गेला, बहुतेक तो चालत बाजूला आला.
"पगार झाला काय रे?"

मी बटण दाबून धरलं.
बराच वेळ धरलं.
एसीची घरघर तेवढी दाभोळला पोचली.