पान पाच, कॉलम तीन

रात्री सव्वादहाला जांबोटीहून फोन. भरमाजीचा.
तिथं रेंज नसतेच; शब्द येतात चाळणीतून.
"दोघंजण होते, सर. पुण्याची गाडी.
धबधब्याच्या वरच्या अंगाला बसलेले.
पोरांनी मारलं की वो. पाच-सहा जणं.
काठ्यांनी, आणि एकानं हेल्मेटनं."
का?
"आता का म्हणजे..." मग नुसती खरखर,
आणि तिच्यातून एवढंच:
"हातात हात होता म्हणं."

मी लिहून घेतलं. बॉलपेन कुठं अडलं नाही.

ताशिलदारसाहेबांनी खांद्यावरून
फक्त 'एमएच बारा' वाचलं. खूश झाले.
"मराठी पर्यटकांना मारहाण! पहिल्या पानावर घे."
अकराला कळलं, मारणारी पोरंही मराठीच.
मग बातमी पहिल्या पानावरून उतरली,
तिसऱ्यावर जरा टेकली,
पाचव्यावर जाऊन बसली.
'किरकोळ वादातून'
हे घोंगडं तिच्यावर मीच टाकलं.

साडेअकराला रुद्राप्पा. त्याचा पेपर कन्नड,
ऑफिस आमच्यापासून तीन गल्ल्या.
"काय घेतलास?"
किरकोळ वाद. तुझ्याकडं?
"असभ्य वर्तन."
हसला. ते हसू नव्हतं.

पाट्यांना डांबर, मैलाच्या दगडांना डांबर,
शाळेच्या नावावरून बंद, एसटीच्या काचा;
इतक्या वर्षांत ज्यांचं एका अक्षरावर जमलं नाही
त्या दोन पेपरांनी त्या रात्री
एकच वाक्य गाळलं.

जागा नव्हती असं नाही.
बातमीखाली चार सेंटिमीटर पांढरं उरलं,
तिथं रक्तदान शिबिर टाकलं.

पंचनाम्यात होतं:
चष्मा एक. चप्पल एक, डावी.
मधाची बाटली, फुटलेली.
मुंग्या भरमाजीनं आपणहून सांगितल्या,
"भरून गेलता सर खडक सगळा."
पंचनाम्यात मुंग्या धरत नाहीत.

एक वाजता दुसऱ्या रेल्वे गेटापाशी चहा.
अकरा वर्षं, रुद्राप्पा आणि मी.
गेट पडलेलं असलं की बरं.
मालगाडी लांबलचक असते,
तिच्या आवाजात त्याचं बोट माझ्या मनगटावर येतं,
किती वाजले बघितल्यासारखं.
मग त्याची स्कूटर अनगोळकडं, माझी शहापूरला.

त्या रात्रीही मालगाडी आली.
मी डबे मोजले. अठ्ठेचाळीस.
बोट आलं नाही.
त्यानं चहाचे पैसे दिले
आणि सुटे परत घ्यायचे विसरला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन.
"मी सुहृद बोलतोय, सिव्हिलमधून.
कसला वाद? आम्ही भांडलो नव्हतो.
पाच वर्षांत एकदाच भांडलोय,
तेही पडद्याच्या रंगावरून."
ओठ सुजल्यावर 'प' नीट येत नाही.
"आणि तुम्ही लिहिलंय 'अन्य एक'.
त्याला नाव आहे."
म्हटलं, सांगा.
त्यानं सांगितलं, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून,
नव्या पोस्टमनला सांगतात तसं.
मागं कुणाची तरी ट्रॉली गेली.
मी लिहून घेतलं.

शुद्धिपत्राला साहेबांची सही लागते.
झाली सही:
'पर्यटक मारहाणीच्या वृत्तात
मोटारीचा क्रमांक अनवधानाने चुकीचा छापला गेला.
दिलगीर आहोत.'

नावाचा कागद माझ्याकडे.
शर्ट धुवायला टाकताना काढतो,
दुसऱ्या शर्टाच्या खिशात घालतो.
रुद्राप्पाला अजून दाखवलेला नाही.

त्याला मराठी वाचायला येतं.